क्यूसी अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीच्या सहा फेऱ्या: ऐरोलीतल्या तयारी गटाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. उमेदवार चार, नोंदीत क, ख, ग, घ एवढीच ओळख. चौघंही टॅब्लेट-कॅप्सूलच्या प्लांटमध्ये क्यूसीत (गुणवत्ता नियंत्रण, म्हणजे औषध तपासणारी लॅब), अनुभव दोन ते पाच वर्षं. अर्ज केलाय तो प्लांट रबाळे एमआयडीसीतला. माल अमेरिका-युरोपला जातो, त्यामुळे फेऱ्या जास्त आणि प्रश्न खोलात जाणारे. बसायची जागा ऐरोलीतलं सोसायटीचं सभागृह, रविवारी सकाळी दहा ते एक.

टप्पे असे कळले: एचआरचा फोन, लेखी चाचणी, सेक्शन हेडसमोर तांत्रिक मुलाखत, लॅबमध्ये प्रात्यक्षिक, मग क्यूसी हेड आणि क्यूए (गुणवत्ता हमी, नोंदी आणि नियम तपासणारा विभाग) मिळून पॅनेल, शेवटी पगाराची बोलणी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी. या दोन्हींत अडकलं तर हातातलं ऑफर लेटरही जातं, म्हणून तयारी त्यांचीही करायची. फोनपासून ऑफरपर्यंत दोन महिने धरले आहेत.

या दोन महिन्यांत सहा वेगळी माणसं तेच विचारणार: किती एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं) हाताळल्या, एका शिफ्टला किती सॅम्पल, नोकरी का सोडता. पहिल्या माणसाला दिलेलं उत्तर त्याच्या फॉर्मवर टिपलं जातं आणि तो फॉर्म पाचव्या माणसाच्या हातात असतो. उमेदवाराकडे मात्र काहीच टिपलेलं नसतं. तिसऱ्या फेरीत ‘आठ एचपीएलसी’ म्हणालेला माणूस पाचव्या फेरीत ‘बारा’ म्हणतो. दोन्ही खरंच असतं, कारण आठ त्याच्या सेक्शनमध्ये आणि बारा सगळ्या लॅबमध्ये. पण क्यूएच्या माणसाला आकडे न जुळणं हीच सर्वांत मोठी खटकणारी गोष्ट वाटते, त्याचं कामच ते आहे. म्हणून सुरुवात पुस्तकापासून नाही, कागदापासून.

प्रत्येकाने एक ‘मूळ पत्रक’ करायचं. दोन पानं, वर आवृत्ती क्रमांक आणि तारीख, लॅबच्या एसओपीवर (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीवर) असते तशी. पहिल्या पानावर नोकऱ्यांच्या तारखा, पद, हाताखालची उपकरणं (बनावट, संख्या, सॉफ्टवेअर), केलेल्या चाचण्या, रोजचं काम आकड्यांत, सध्याचा पगार आणि नोटीस पिरियड. दुसरं पान कोरं. तिथे प्रत्येक फेरीनंतर त्याच संध्याकाळी लिहायचं: कोण होतं, काय विचारलं, काय सांगितलं. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं चालणार नाही. लॅबमध्ये वजन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी नोंद करत नाही, तोच नियम.

रविवार, १२ जानेवारी

रेझ्युमे आणि मूळ पत्रक शेजारी ठेवून वाचले. चारांपैकी तिघांच्या तारखा किंवा नावं जुळली नाहीत. सगळ्यांना ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरीचं पान छापायला लावलं. पडताळणी करणारी संस्था पहिल्यांदा हेच पान बघते.

सापडलेल्या चुका लिहून ठेवतोय, कारण त्या पुन्हा पुन्हा होतात.

‘क’चा पहिला एक वर्षाचा काळ अप्रेंटिसचा. अप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ माणसाचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे यूएएनवर ते वर्ष दिसतच नाही. रेझ्युमेत सरसकट ‘पाच वर्षं’ लिहिलं होतं. आता दोन ओळी केल्या: एक वर्ष अप्रेंटिस, चार वर्षं अ‍ॅनालिस्ट. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र सोबत. वर्ष वाया जात नाही, फक्त त्याचं नाव बरोबर लागतं.

‘ख’च्या बाबतीत जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख उशिराची टाकलेली, नव्या नोकरीची तारीख तिच्या आधीची. कागदावर वीस दिवस दोन ठिकाणी नोकरी दिसते. रिलीव्हिंग लेटरवर खरी तारीख आहे. जुन्या एचआरला मेल टाकून दुरुस्ती मागायची आणि तो मेल फाइलमध्ये ठेवायचा. दुरुस्ती वेळेत झाली नाही तरी आपण ती मागितली होती हे दाखवता येतं.

‘ग’चं लग्नानंतर आडनाव बदललं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक संचाला जोडली.

रेझ्युमेतून ‘एचपीएलसीचं उत्तम ज्ञान’ छापाची सगळी वाक्यं काढली. त्याऐवजी: ‘अ‍ॅसे, रिलेटेड सबस्टन्स, डिसोल्युशन, शिफ्टला सरासरी ४ सॅम्पल सेट, सॉफ्टवेअर एम्पॉवर’. (पहिल्या चाचणीत गोळीत औषध किती ते मोजतात, दुसरीत अशुद्धी, तिसरीत गोळीतलं औषध द्रावात किती विरघळतं ते.) ज्या उत्पादनांवर काम केलं त्यांची नावं मात्र नाहीत. ‘रक्तदाबाची गोळी, फिल्म कोटेड’ एवढंच. जुन्या कंपनीची गुपितं सांगणारा उमेदवार उद्या आमचीही सांगेल, असं समोरचा मनात नोंदवतो.

रविवार, १९ जानेवारी

एचआरच्या फोनची तालीम. फोन दहा मिनिटांचा, प्रश्न ठरलेले: शिक्षण, अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पिरियड, राहायला कुठे, शिफ्ट चालेल का, एफडीए अप्रूव्हल आहे का. शेवटचा प्रश्न राज्याच्या एफडीएने तपासणीच्या कामासाठी दिलेल्या मान्यतेचा. त्याला ‘हो’ म्हणायचं असेल तर त्या मान्यतेच्या पत्राची प्रत हाताशी हवी. पत्र जुन्या कंपनीच्या परवान्याशी जोडलेलं असतं हेही माहीत हवं.

फोन लोकलमध्ये असताना आला तर उचलायचा नाही. ठाणे-वाशी गाडीत आवाज तुटतो आणि अर्धी उत्तरं चुकीची टिपली जातात. उतरल्यावर अर्ध्या तासात आपण फोन करायचा, समोर मूळ पत्रक उघडं ठेवून.

‘घ’ने अपेक्षा विचारल्यावर पटकन आकडा सांगितला. सध्याच्या पगारापेक्षा किती टक्के वाढ मागायची हे तेव्हा ठरवू नये. ‘कामाची जबाबदारी आणि पगाराची रचना कळल्यावर सांगतो मॅडम’ असं नम्रपणे म्हणता येतं. दोनदा विचारलं तर आकड्याऐवजी पट्टा सांगावा, आणि तो पत्रकावर लगेच लिहावा.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर लेखी चाचणीची तालीम. २५ प्रश्न, ४० मिनिटं, साधा कॅल्क्युलेटर. मोबाइल बंद, कारण प्लांटच्या गेटवरच तो जमा होतो आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची सवय झालेल्याला साध्यावर वेळ लागतो.

सगळ्यांत जास्त वेळ अ‍ॅसेच्या गणितावर गेला. दिलेलं उदाहरण: लेबल क्लेम (गोळीत औषध किती ते लेबलवर लिहिलेलं) १०० मि.ग्रॅ., २० गोळ्यांचं सरासरी वजन २५० मि.ग्रॅ. स्टँडर्ड (शुद्धता माहीत असलेला तुलनेचा नमुना) ५०.२ मि.ग्रॅ., १०० मि.ली.मध्ये, त्यातले ५ मि.ली. ५० मि.ली.मध्ये. सॅम्पलची पूड १२५.६ मि.ग्रॅ., पातळीकरण तेच. स्टँडर्डचा एरिया (यंत्राच्या आलेखावरच्या शिखराचं, म्हणजे पीकचं, क्षेत्रफळ) १२,५०,०००, सॅम्पलचा १२,४०,०००. स्टँडर्डची शुद्धता ९९.६ टक्के.

पातळीकरण दोन्हीकडे सारखं, म्हणून कटतं. उरतं: (१२,४०,००० ÷ १२,५०,०००) × (५०.२ ÷ १२५.६) × ०.९९६ × २५०. उत्तर ९८.७ टक्के. लेबल क्लेम नेमका १०० असल्यामुळे शेवटचा ‘भागिले १००, गुणिले १००’ दिसत नाही. क्लेम ४० किंवा २५० असता तर तो विसरणारे दोघे होते.

शुद्धता विसरली तर ९९.१ येतं. तेही मर्यादेत बसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. परीक्षक असे आकडे मुद्दाम निवडतात. पुढचा उपप्रश्न त्याहून खोल: शुद्धता निर्जल आधारावर दिलेली आहे आणि स्टँडर्डमध्ये पाणी ०.८ टक्के आहे, वापर सुकवल्याशिवाय. मग शुद्धता ९९.६ × ९९.२ ÷ १०० = ९८.८ धरायची आणि उत्तर ९७.९ येतं. चौघांपैकी एकट्या ‘ग’ने हे केलं. स्टँडर्डच्या बाटलीवरचं लेबल वाचायची सवय जिला आहे तिलाच हा प्रश्न सोपा.

बाकी पाठ हवंच असं: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडला लिटरला ४ ग्रॅम. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ६.८ ग्रॅम लिटरमध्ये म्हणजे ०.०५ मोलर, कारण रेणूभार १३६.०९. कार्ल फिशरला (पाणी मोजायच्या चाचणीला) सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट वापरतात, त्यात पाणी १५.६६ टक्के. अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटी ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता. भारताचा दीर्घकालीन निकष ३० अंश, ७० टक्के. अवशिष्ट द्रावकांत मेथनॉल ३००० पीपीएम, अ‍ॅसिटोनायट्राइल ४१०. एलओडीला (ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण) ३.३ सिग्मा भागिले स्लोप, एलओक्यूला (मोजता येणारं सर्वांत कमी प्रमाण) १०.

रविवार, २ फेब्रुवारी

प्रत्यक्ष लेखी चाचणी आज होती, चौघंही बसले. रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा दिवस. काल संध्याकाळीच रेल्वेचं पत्रक बघून निघण्याची वेळ ठरवली होती. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल त्या रविवारी ठाण्याहून ऐरोलीमार्गे बस किंवा रिक्षा, आणि पाऊण तास जास्तीचा धरायचा.

रबाळे स्टेशनला पूर्वेला उतरायचं, एमआयडीसी त्या बाजूला आहे. पश्चिमेला उतरलं तर वस्तीत जाऊन वळसा पडतो. गेटवर ओळखपत्र, नोंदवही, गेट पास, मोबाइल जमा, बॅगेची तपासणी. यात वीस मिनिटं गेली. पुढच्या फेऱ्यांना दिलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी गेटवर असायचं. पेन, साधा कॅल्क्युलेटर, मूळ कागदपत्रं आणि दोन छायाप्रत संच एवढंच सोबत. जुन्या लॅबची कोणतीही मेथड, छापील क्रोमॅटोग्राम किंवा मोबाइलमधला फोटो सोबत न्यायचा नाही. असलाच तर तो मुळात काढायलाच नको होता.

चौघंही पुढच्या फेरीला बोलावले गेले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तांत्रिक फेरी मंगळवारपासून, म्हणून आज जादा बैठक. सगळा वेळ दोनच विषयांना दिला, कारण क्यूसीच्या मुलाखतीत घसरण होते ती इथे.

पहिला, डिसोल्युशनचे टप्पे. प्रश्न असा: क्यू (ठरलेल्या वेळात विरघळायला हवं ते औषधाचं प्रमाण) ८० टक्के. सहा गोळ्यांची रीडिंग ८८, ९१, ८४, ९०, ८७, ९२. हे ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) आहे का? दोघांनी ‘हो’ म्हटलं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक गोळी क्यू अधिक ५, म्हणजे ८५ हवी. ८४ बसत नाही, पण फार्माकोपियाने (औषधांच्या चाचण्यांच्या अधिकृत ग्रंथाने) स्वतःच दुसरा टप्पा दिलेला आहे. आणखी सहा गोळ्या लावायच्या. बाराची सरासरी ८० किंवा जास्त आणि एकही ६५ च्या खाली नको. तिथेही नाही बसलं तर आणखी बारा. चोविसांची सरासरी ८०, दोनपेक्षा जास्त गोळ्या ६५ च्या खाली नकोत, ५५ च्या खाली एकही नको. तिसऱ्या टप्प्यालाही नापास झालं तर ते ओओएस. हे सांगताना बोटांवर आकडे मोजत सांगितलं तरी चालतं, पण क्रम चुकता कामा नये.

दुसरा विषय ओओएस स्वतः. अ‍ॅसे ९३.२ आला, मर्यादा ९५ ते १०५, काय कराल? जे उत्तर ऐकू आलं ते: ‘पुन्हा इंजेक्ट करून बघतो.’ इथेच मुलाखत संपते. क्रम असा सांगायचा: काहीही न फेकता सगळी द्रावणं, वायल, काचसामान तसंच ठेवायचं. वरिष्ठांना लगेच कळवायचं. मग दोघांनी मिळून गणित, वजनाची नोंद, पातळीकरण, पिपेट-फ्लास्कचा आकार, सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्रणा कामाला योग्य आहे का याची चाचणी), कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), इंटिग्रेशन (पीकचं क्षेत्रफळ काढणं) तपासायचं. त्याच वायलचं पुन्हा इंजेक्शन हे मंजूर गृहीतक तपासण्यासाठी असतं, निकाल बदलण्यासाठी नाही. लॅबची चूक ठामपणे सापडली तरच पहिला निकाल बाद. नाही सापडली तर तपास उत्पादनाकडे जातो, आणि पुनर्चाचणी करायचीच झाली तर ती दुसऱ्या अ‍ॅनालिस्टने, आधी ठरवलेल्या संख्येने करायची. नापास आणि पास आकड्यांची सरासरी काढून बॅच सोडता येत नाही.

हे सगळं अमेरिकेच्या एफडीएच्या ओओएस मार्गदर्शिकेत आहे: पहिली २००६ ची, सुधारित मे २०२२ ची. त्याआधीचा बार लॅबोरेटरीज खटल्याचा १९९३ मधला निकाल या सगळ्याच्या मुळाशी आहे. पास होईपर्यंत तपासत राहणं मान्य नाही, ही चौकट तिथून पक्की झाली. तारीख विचारतीलच असं नाही. पण का करायचं हे माहीत असलेल्या माणसाचा आवाज वेगळा येतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चौघांची तांत्रिक फेरी झाली. दुसऱ्या पानावरच्या टिपणांतून निघालेले प्रश्न: टेलिंग (पीकला शेपटी येणं) का वाढतं, रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) का सरकतो, दाब वाढला तर काय बघाल, एम्पॉवरमध्ये इन्स्ट्रुमेंट मेथड, मेथड सेट आणि प्रोसेसिंग मेथड यांत फरक काय.

रिटेन्शनला ‘ख’ने फक्त ‘कॉलम जुना झाला’ सांगितलं. कॉलमचं तापमान एक अंशाने वाढलं तर रिटेन्शन साधारण १ ते २ टक्क्यांनी कमी होतं. मोबाइल फेजची (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाची) बाटली उघडी राहिली तर अ‍ॅसिटोनायट्राइल उडून जातं आणि रिटेन्शन वाढतं. पंपाला गळती असेल तर वाढतं. बफरचा पीएच औषधाच्या पीकेएच्या (ज्या पीएचला औषधाचा निम्मा भाग आयनरूपात असतो) जवळ असेल तर ०.१ चा फरकही दिसतो. पहिल्यांदा मोबाइल फेजच्या नोंदी, मग तापमान, मग फ्लो मोजपात्रात मोजून, शेवटी कॉलम. महाग वस्तूवर संशय सगळ्यात शेवटी.

दाबाचं उत्तर: डिटेक्टरच्या बाजूने मागे येत एकेक जोड सोडायचा. ज्या जोडाला दाब एकदम उतरला, त्याच्या लगेच पुढे तुंबलंय. कॉलम काढल्यावर दाब उतरणारच, तो कॉलमच्या नोंदवहीतल्या नेहमीच्या दाबाशी ताडून बघायचा.

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकाची तयारी. इथे एचपीएलसी नाही, पण प्रात्यक्षिकात बघतात ते हात. ५ मि.ली.ची पिपेट, ५० मि.ली.चे दोन व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आणि निळ्या शाईचं पाणी एवढ्यावर दोन तास पुरले.

बघितलेल्या चुका: बाटलीतच पिपेट बुडवणं (आधी बीकरमध्ये काढून घ्यायचं). टोक बाहेरून न पुसता खूण जुळवणं. डोळा खुणेच्या वर ठेवून वाचणं, त्यामुळे आकारमान कमी येतं. शेवटचा थेंब फुंकून काढणं; ए वर्गाच्या ट्रान्स्फर पिपेटला तो थेंब आत राहायलाच हवा, तिची मोजणी तो धरून केलेली नसते. फ्लास्क खुणेपर्यंत भरून एकदाच उलटा करणं. निदान दहा वेळा हवा, मानेत रंगाचा गडद पट्टा उरलेला शाईच्या पाण्यात स्पष्ट दिसला.

यंत्राचं तोंडी म्हणून घेतलं. बफर ०.४५ मायक्रॉनमधून गाळणं, पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्याआधी लावणं, पंप प्राइम करणं, बेसलाइन सपाट होईपर्यंत थांबणं, ब्लँक, मग स्टँडर्डची पाच इंजेक्शनं. आरएसडी (इंजेक्शनांमधल्या फरकाचं माप) २.० टक्क्यांपर्यंत, टेलिंग २.० पर्यंत, किंवा मेथडमध्ये लिहिलेलं असेल ते. मेथडमधलं वाचून मग सांगायचं. आकडा पाठ आहे म्हणून मेथड न वाचणारा माणूस लॅबला परवडत नाही.

एक सापळा हमखास ठेवतात. काम संपलं, फॉस्फेट बफर चालू होता, ‘आता कॉलम धुवा.’ सरळ १०० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ कॉलममध्येच साका धरतं, दाब चढतो, कॉलम जातो. आधी बफर न घातलेलं पाणी, त्यात पाच-दहा टक्के सेंद्रिय, अर्धा तास. मग हळूहळू सेंद्रिय वाढवायचं.

रविवार, २३ फेब्रुवारी

चौघंही प्रात्यक्षिकातून पुढे. पॅनेलची तालीम, मंगळवारी खरं पॅनेल. क्यूएचे प्रश्न डेटा इंटिग्रिटीचे, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचे. अल्कोआ म्हणजे काय हे चौघांना येतं: कोणी केलं ते कळावं, वाचता यावं, तेव्हाच लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. विचारलं जातं ते प्रसंगाने. शेजारचा अ‍ॅनालिस्ट रजेवर आहे, त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे, ट्रक उभा आहे. काय कराल? सिस्टिम सुटेबिलिटीआधी सॅम्पलचं एक ‘ट्रायल’ इंजेक्शन करून बघायला वरिष्ठांनी सांगितलं. काय कराल? पीक थोडा कापला की अशुद्धी मर्यादेत बसते. मॅन्युअल इंटिग्रेशन कराल?

उत्तर ‘नाही’ एवढं पुरत नाही, पुढचं पाऊल सांगायचं. पासवर्डला: माझ्या लॉगिनला तो अधिकार नसेल तर सुपरवायझरकडून रीतसर मागेन, ट्रक थांबेल. ट्रायलला: सॅम्पलचं प्रत्येक इंजेक्शन निकाल असतं, ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या नोंदीत) राहतं, म्हणून कंडिशनिंगला स्टँडर्ड वापरेन. इंटिग्रेशनला: एसओपीत परवानगी असेल तर कारण लिहून, दुसऱ्याच्या तपासणीसह, आणि स्टँडर्ड-सॅम्पल दोन्हींना एकाच पद्धतीने.

‘नोकरी का सोडता’ यावर जुन्या साहेबांची तक्रार नको. ‘क’चं खरं कारण अंबरनाथचा प्रवास आणि अडलेली बढती, तेच सांगायचं. तेच त्याने १९ जानेवारीच्या पत्रकावर लिहिलं आहे. पत्रक काढून पुन्हा वाचून घेतलं. सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांच्या उत्पादनपद्धतीचे नियम), २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेचं, त्यावरही एक प्रश्न अपेक्षित धरून क्यूसीचा भाग वाचायला दिला.

बुधवार, ५ मार्च

पॅनेलचा निकाल. क, ग आणि ख पुढे. घ थांबला.

‘घ’चं दुसरं पान काढून बसलो. तांत्रिक फेरीत तो म्हणाला होता की मेथड व्हॅलिडेशन (चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं) केलं आहे. पॅनेलने विचारलं: अ‍ॅक्युरसीला किती पातळ्या, किती सॅम्पल? त्याने व्हॅलिडेशनमध्ये फक्त इंजेक्शनं लावली होती, प्रोटोकॉल कधी वाचला नव्हता. तीन पातळ्या, प्रत्येकी तीन, किमान नऊ. लिनिअरिटीला किमान पाच सांद्रता. हे आलं नाही. तो शब्द मूळ पत्रकात नव्हताच, तिसऱ्या फेरीत ऐन वेळी तोंडून गेलेला. पत्रकात आता ‘व्हॅलिडेशनच्या चाचण्यांत सहभाग: प्रिसिजन, लिनिअरिटीची इंजेक्शनं’ अशी ओळ घातली, आवृत्ती ३. एवढं सांगितलं असतं तरी दोन-तीन वर्षांच्या माणसाकडून पुरेसं होतं. तळोज्यातल्या दुसऱ्या जागेला तो हेच पत्रक घेऊन बसेल. त्याची तयारी चालू राहील.

रविवार, १६ मार्च

पगाराची बोलणी पुढच्या आठवड्यात. सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा एकूण वार्षिक खर्च) फोडून दाखवली, उदाहरण ४,८०,००० चं. महिन्याला ४०,००० दिसतात. बेसिक निम्मं, २०,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, २,४००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के (१५ भागिले २६, भागिले १२), ९६२. वार्षिक प्रोत्साहन २४,००० धरलं तर महिन्याला २,०००. विम्याचा हप्ता ५००. हे गेल्यावर ग्रॉस ३४,१३८. त्यातून स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३१,५३८. बस आणि कँटीनची कपात असेल तर आणखी कमी.

म्हणून विचारायचे प्रश्न लिहून दिले: पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८००? प्रोत्साहन हमखास की कामगिरीवर? शिफ्ट भत्ता किती? बस ठाण्याहून आहे का? बाँड आहे का? ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे मिळत नाही, तिला हातातला पैसा धरू नये. ‘ख’ आत्ताच्या ठिकाणी हातात २९,००० घेतो. ४,८०,००० ऐकून त्याला उडी वाटली होती, प्रत्यक्षात वाढ अडीच हजार. तो ५,४०,००० मागणार, कारणासह: डिसोल्युशन आणि कार्ल फिशर दोन्ही स्वतंत्र करतो, शिफ्टला तयार आहे.

शुक्रवार, २८ मार्च

तिघांनाही ऑफर. ‘ख’ला ५,१०,००० वर ठरलं.

वैद्यकीय तपासणी: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, श्रवण, डोळे. रंगांधळेपणाची चाचणी क्यूसीत महत्त्वाची, टायट्रेशनचा अंतिम बिंदू डोळ्यांनी बघतात. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनची अ‍ॅलर्जी असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं, ती स्वतःच्या जिवाची गोष्ट आहे.

राजीनामा वैद्यकीय अहवाल आणि सहीचं ऑफर लेटर हातात आल्यावरच. ‘क’ने आदल्या दिवशीच द्यायची घाई केली होती, थांबवलं. नोटीस साठ दिवस. राजीनाम्याच्या मेलवर पोच घ्यायची, शेवटची तारीख लेखी घ्यायची, नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख त्यानंतर तीन-चार दिवसांनी मागायची. हस्तांतर लांबतं, रिलीव्हिंग लेटरला वेळ लागतो.

रविवार, ६ एप्रिल

पडताळणी सुरू. ‘क’च्या अप्रेंटिस वर्षाबद्दल संस्थेचा फोन आला, प्रमाणपत्र पाठवलं, प्रश्न मिटला. ‘ख’च्या वीस दिवसांवर शंका निघाली. जानेवारीत टाकलेला मेल आणि रिलीव्हिंग लेटर जोडून उत्तर गेलं, पीएफची दुरुस्ती मार्चमध्येच झाली होती. ‘ग’च्या आडनावाला प्रमाणपत्र पुरलं.

नव्या गटासाठी मूळ पत्रकाची कोरी प्रत दुरुस्त केली. पहिल्या पानावर दोन रकाने वाढवले: ‘यूएएनवर दिसणाऱ्या तारखा’ आणि ‘स्वतः केलेलं / नुसतं पाहिलेलं’. फ्लास्क धुऊन, पिपेट कापसात गुंडाळून सभागृहाच्या कपाटात ठेवली आहेत. शाईची बाटली संपली, नवी आणायची आहे.